कयाकमधून गरवताना: कोकण किनाऱ्यासाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी कोकणातल्या खाड्यांमध्ये कयाक घालून गरवतोय, म्हणजे गळाने मासे पकडतोय. जेटीवर, फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'रॉड कुठला घेऊ?' असा असतो आणि माझं उत्तर 'आज तिथी कुठली?' असं सुरू होतं. त्यावर काही जण हिरमुसतात. रॉडचा प्रश्नही खाली आहे, पण बराच खाली.

कयाक म्हणजे नेमकी कसली होडी?

मूळ कयाक आर्क्टिकमधल्या इन्यूइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली शिकारीची होडी. आपण गरवायला वापरतो ती प्लास्टिकची, 'सिट ऑन टॉप' प्रकारची. तिच्या आत बसायचं नसतं, वर बसायचं असतं. खालचं अंग बंद आणि पोकळ, आत हवा. बसायच्या खळग्यात लाट आली तर पाणी तळाच्या भोकांतून आपोआप खाली जातं. त्यामुळे ती उलटली तरी बुडत नाही. अट एकच: मागचा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावलेला हवा. निघण्याआधी तो हाताने चाचपून बघा, 'लावला होता' या आठवणीवर विसंबू नका.

आपल्याकडच्या लहान होड्यांना तोलासाठी उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेला ओंडका, असते. कयाकला ती नाही, तिची रुंदी हीच उलांडी. म्हणून गरवायची कयाक पर्यटकांच्या कयाकपेक्षा रुंद घ्यावी, भले ती जरा हळू जाईल.

पोहता येत नाही. चालेल?

नाही. आधी पोहायला शिका.

आणि पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट नको, हेही चालणार नाही. जॅकेट अंगात, बकल लावून. सीटच्या मागे बांधून ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडलेल्या माणसाला मिळत नाही. वारा असला तर रिकामी कयाक पोहणाऱ्याच्या पुढे निघून जाते.

उलटली तर परत वर कसं चढायचं?

कमरेइतक्या पाण्यात किमान दहा वेळा करून बघा, मगच खोलात जा. उलटलेल्या कयाकच्या तळावरून हात पलीकडे टाकून कड धरायची आणि अंगाचा भार मागे टाकत ती सुलटी करायची. मग मधोमध, सीटजवळ यायचं. पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारायचे आणि पालथं होऊन पोट कयाकवर ओढून घ्यायचं. बेंबी मधोमध आली की कुशीवर वळून बसायचं, शेवटी पाय आत. उभ्याने चढायला जाल तर ती परत अंगावर येईल.

वल्हं, रॉड, डबा सगळं दोरीने बांधलेलं असू द्या. पण त्या दोऱ्या आखूड ठेवा, नाहीतर पाण्यात त्याच पायात अडकतात. म्हणून जॅकेटला एक छोटी सुरी अडकवलेली असावी.

कधी जायचं? सकाळी की संध्याकाळी?

हा खरा प्रश्न.

आपल्या किनाऱ्यावर थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिवसाचे दोन वारे असतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, ऊन तापलं की समुद्रावरून खारा वारा सुटतो. शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं हेच वाक्य कयाकवर बसल्यावर हाडामासाचं होतं. सकाळी सातला किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं, कारण मतलईला डोंगराचा, माडांचा आडोसा असतो. पाचशे मीटर बाहेर गेलात की तोच वारा पाठीवर येतो आणि न वल्हवता तुम्हाला पश्चिमेला नेत राहतो. जाताना वाटतं, 'आज हात चांगला चाललाय!' परत वळल्यावर कळतं कोणाचा हात होता तो.

आता त्यात भरती-ओहोटी घाला. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला बरोबर उलट: सहाला भरती, बाराला सुकती. याचा अर्थ नीट लावून बघा.

अमावास्येच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवशी, सकाळी सहाला निघालात तर पाणी चढत असतं. ते तुम्हाला खाडीत वर नेतं आणि खारफुटीच्या मुळांत घुसतं. गरवायला उत्तम. पण बारानंतर पाणी जोरात उतरायला लागतं आणि नेमका तेव्हाच खारा वारा समोरून येतो. खाडीच्या तोंडाशी उतरतं पाणी पश्चिमेला, वारा पूर्वेला. दोघांची टक्कर होऊन तिथे उभ्या, आखूड, वेड्यावाकड्या लाटा उठतात. वाळूचा दांडा असेल तर त्या फुटतातही. उधाणाच्या दुपारी दोन वाजता खाडीच्या तोंडाशी कयाक नको.

अष्टमीच्या सकाळी सहा ते बारा ओहोटी आणि मतलई दोन्ही एकाच दिशेला, समुद्राकडे. पाणी भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, असल्याने ओढ कमी, तरी दोघं मिळून ढकलतात. अशा दिवशी तोंडाबाहेर जाऊ नये, खाडीत वरच्या अंगाला गरवावं. दुपारी भरती आणि खारा वारा दोन्ही आत येतात.

कयाक वल्हवणारा साधा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. उधाणाला अरुंद तोंडातून जाणारं पाणीही तेवढ्याच वेगाने जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही घाम गाळाल आणि समोरचा माड जागचा हलणार नाही.

भरतीची वेळ पंचांगावरून खरंच काढता येते?

येते. तिथीचा आकडा पाऊणपट करा, बारानंतर तितक्या तासांनी पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार: पहाटे साडेचार आणि दुपारी जवळपास तेवढ्यालाच. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. जुनी कोळी माणसं हे बोटांवर करतात. मात्र हा हिशेब मुंबई-रायगडच्या बाजूला बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, म्हणून मालवण-गोव्याकडे वेळ साधारण तासभर आधी धरावी. नेमक्या वेळेसाठी छापील तक्ते आणि मोबाइलवरची ॲप आहेतच. लाटा-वाऱ्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा सागरी अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या रात्री बघायचाच.

रायगड आणि सिंधुदुर्गच्या खाड्यांत फरक काय?

पाण्याच्या चढ-उताराचा. मुंबईजवळ उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, मालवणकडे तो दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे तळकोकणातली खाडी ओहोटीलाही खाडीच राहते. रायगडातली मात्र बघता बघता नाहीशी होते.

मला हे शिकवलं ते रेवदंड्याच्या बाजूच्या खाडीच्या एका फाट्याने. जिताडा उडतोय म्हणून आत आत गेलो. मागे वळून बघतो तर आलो ती वाट नव्हतीच, दोन्हीकडे चकचकीत गाळ. त्यावर निवट्या, म्हणजे गाळातले छोटे मासे, उड्या मारतायत आणि मधल्या डबक्यात मी. उतरून ढकलायला गेलो तर पाय मांडीपर्यंत आत. कसाबसा परत वर चढलो आणि पाणी यायची वाट बघत चार तास उन्हात बसलो. पलीकडे निवट्या धरायला आलेल्या दोन बायका, माझ्यासारख्यांची सवय असल्यासारख्या, मधूनमधून बघून हसत होत्या. त्यातली एक ओरडली, "पानी ईल, बस आता!" आलं. बाटलीतलं पाणी तोवर संपलं होतं.

तेव्हा: ओहोटीला अरुंद फाट्यात शिरू नका, गाळात उतरू नका, आणि प्यायचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट न्या.

वल्ह्याची कयाक घेऊ की पायडलची?

पायडलवाली आली की हात मोकळे राहतात, वाऱ्यात एका जागी टिकता येतं आणि ट्रोलिंग, म्हणजे चालत्या कयाकमागे आमिष ओढत गरवणं, सोपं होतं. होबी कंपनीने १९९७ मध्ये पंखांसारखं हलणारं पायडल आणल्यापासून जगभर तिचीच चलती आहे. पण ती जड, महाग, आणि उथळ खाडीत खालचे पंख गाळाला, दगडाला, कालवांच्या खडकाला लागतात. पहिली कयाक वल्ह्याची, दहा ते बारा फुटी, शक्य तर जुनी घ्या. भारक्षमता कंपनी सांगते त्याच्या सत्तर टक्केच धरा. आणि विकत घेण्याआधी ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवून बघा. कितीतरी कयाक या एका कारणाने अंगणात पडून आहेत.

कुठले मासे मिळतात?

ज्यासाठी लोक वेडे होतात तो जिताडा. तळकोकणात आणि गोव्यात चोणक म्हणतात तो हाच. खारं पाणी, मचूळ पाणी, गोडं पाणी, तिन्हींत राहतो. रायगडात खारभूमीच्या तळ्यांत तो वाढवायची जुनी रीत आहे आणि मोठा जिताडा भेट मिळणं हा मान असतो. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे पावसाच्या तोंडावर खाडीत उतरलेला दहा-बारा किलोचा जिताडा जवळजवळ नक्की अंड्यावरची मादी. ती सोडून द्यावी असं माझं मत आहे. दोन-तीन किलोचा ठेवा, कालवणाला तोच चांगला.

तो सापडतो फाट्याच्या तोंडाशी, पुलाच्या खांबांच्या सावलीत, खारफुटीतून पाणी बाहेर पडतं तिथे. पाणी उतरू लागल्यावरचे पहिले दोन तास, कारण मुळांत शिरलेली कोळंबी आणि बारीक मासळी त्या वाटेने बाहेर येते. गळ लागला की अख्खा पाण्याबाहेर येऊन डोकं झाडतो. तेव्हा रॉडचं टोक खाली न्या. कल्ल्याची कड धारदार असते, बोट घालू नका.

तांबोशी खडकात आणि मुळांत राहते. जिताडा दाखवून लढतो, तांबोशी न दाखवता. घास घेतला की सरळ बिळात. पहिल्या तीन सेकंदांत तिला अडवली नाही तर दोरा तुटलाच. कयाकवर गंमत अशी की मासा येत नाही, कयाकच त्याच्याकडे जाते.

रावस वाळूच्या किनाऱ्यालगत आणि खाडीच्या तोंडाशी, गढूळ फेसातही. गळ्याखालच्या धाग्यांसारख्या परांनी तो अन्न चाचपतो, त्यामुळे गढूळ पाण्याचं त्याला वावडं नाही. मुडदुशी वाळूच्या उथळात, बारीक गळाला. शिकायला याहून चांगला मासा नाही आणि खायला तर नाहीच नाही. सुरमईसाठी बाहेर खोल पाणी लागतं. बांगड्यांचे थवे आत आले की त्यांच्या मागून ती क्वचित कयाकच्या टप्प्यात येते. पण एका सुरमईसाठी किनारा दिसेनासा होईपर्यंत जाणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांच्याबरोबर मी जात नाही.

बाकी शेंगटी, म्हणजे मिशांवाला कॅटफिश, येतेच. नको असताना जास्त येते.

बरं, आता तरी रॉड सांगा.

साडेसहा-सात फुटी मध्यम-भारी रॉड, ३००० किंवा ४००० मापाचं स्पिनिंग रील, २० ते ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा. पुढे हातभर-दोन हात ३० ते ४० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (गळाजवळचा चिवट दोरा), कारण जिताड्याचे खरखरीत ओठ नुसता ब्रेड घासून तोडतात. एवढ्यावर खाडीतलं सगळं होतं. आठ फुटी रॉड घेऊ नका, मासा कयाकच्या नाकाकडून दुसऱ्या बाजूला गेला की बसल्या जागी तो फिरवता येत नाही. मुडदुशीसाठी वेगळा हलका रॉड, किंवा सरळ हातगरी, म्हणजे रॉडशिवाय हातात धरायचा दोरा आणि गळ.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोरात फवारा मारलात तर मीठ आत जातं.

जिवंत कोळंबी बरी की ल्यूर (नकली आमिष)?

जिवंत कोळंबीपुढे जिताड्याचा निग्रह टिकत नाही. पण ती जिवंत ठेवायला बादली, हवेचा पंप, पहाटे पागवाल्याकडे (फेकजाळं टाकणाऱ्याकडे) खेप. कयाकवर जागा किती! मी चार इंची मऊ रबरी शॅड आणि एखादा बुडी मारणारा मिनो एवढ्यावर भागवतो. जिवंत आमिष लावायचं असेल तर सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, वापरा. तो ओठाच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही, सोडायचा मासा जगतो. आणि त्या हुकाला हिसका मारायचा नसतो, नुसतं गुंडाळत राहायचं. जुन्या गरीवाल्यांना हे सगळ्यांत कठीण जातं.

नांगर टाकावा का?

टाकावा, पण बाजूला कधीही बांधू नये. वाहत्या पाण्यात आडवी कयाक नांगराला ताणली गेली की क्षणात उलटते. दोरी नाकाकडे किंवा मागच्या टोकाकडे हवी आणि झटकन सोडता येईल अशी, टोकाला छोटं बोयं, म्हणजे तरंगता गोळा. मोठा मासा लागला किंवा बार्ज आली तर दोरी सोडून द्यायची, बोयं नंतर येऊन उचलायचं.

कायद्याने चालतं का?

महाराष्ट्रात आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते. ती सूट पोटासाठी जाणाऱ्यांची आहे. हौशी माणसाने ती आपली मानू नये, आणि त्या महिन्यांत समुद्रही तुम्हाला ती देत नाही.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे गळ टाकू नका. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्यही तसंच. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, मोजपट्टी कयाकवर चिकटवून ठेवा. कासव, करवत मासा, देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्क आणि प्रचंड वाढणारा जायंट ग्रूपर हे वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. चुकून लागले तर पाण्यातच दोरा कापायचा.

२००८ च्या नोव्हेंबरमधल्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी कोणालाच आवडत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, सागरी पोलीस ठाण्यात आणि मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी सांगून ठेवा. नौदलाच्या, बंदराच्या हद्दीजवळ जाऊ नका.

स्थानिक मच्छीमार हरकत घेतात का?

तुम्ही कसे वागता त्यावर आहे. कोळी, खारवी, गाबीत यांच्यासाठी ते पाणी म्हणजे शेत आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर त्या पट्ट्यात शिरायचं नाही. बोयांची ओळ दिसली की खाली जाळं आहे, ते ओलांडायचं नाही, त्याच्या कडेला गरवायचंही नाही. मासे बाजारात विकायचे नाहीत. पहिल्यांदा गेलात की जेटीवर बसलेल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारा, "काका, इथे घालू का?" परवानगीबरोबर तासाभराची माहिती मिळते, खडक कुठे, ओढ कुठे. नकार मला अजून मिळालेला नाही. 'ह्या टपात बसून जातलंस?' असं मात्र पुष्कळदा ऐकलंय.

मगरी असतात का हो?

असतात. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला, सावित्रीत महाडकडे, गोव्यात कुंभारजुवेच्या कालव्यात. तिथे पाय पाण्यात सोडून बसायचं नाही, मासा दोरीला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवायचा नाही, काठावर उतरायचं नाही. मी तिथे कयाक घालतच नाही, बाकी खाड्या काय कमी आहेत?

शेंगटीचा काटा लागला तर?

पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन असे तीन काटे, दातेरी आणि विषारी. पाकटाच्या शेपटीचंही तसंच. कळ भयंकर येते. भाजणार नाही इतक्या कडक गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, तो हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने कळ कमी होते. पाण्याचा अंदाज न दुखावलेल्या हाताने घ्या. काटा आत तुटला असेल, छाती-पोटाला लागला असेल तर थेट दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शनही. मी थर्मासमध्ये चहा नेतो असं लोकांना वाटतं. त्यात नुसतं गरम पाणी असतं.

केंड (फुगणारा मासा) गळाला लागला तर पक्कड वापरा, त्याचे दात बोट तोडतात. तो खायचा नाही.

मासा घरी नीट कसा न्यायचा?

पकडल्याबरोबर कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांत उन्हाने हिस्टामाइन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. बर्फ नेला नसेल तर मासा ठेवू नका, सोडा.

एकट्याने जाऊ का? घरी काय सांगू?

पहिलं वर्षभर नको. नंतर गेलात तरी किनाऱ्यावर कोणाला तरी तीन गोष्टी माहीत हव्यात: कुठून पाण्यात उतरलात, कुठल्या अंगाला गेलात, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला लागायचं. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगावर. शिट्टी जॅकेटला. तटरक्षक दल १५५४, सागरी सुरक्षा १०९३.

आमच्याकडे फ्रीजवर चुंबकाने लावलेली चिठ्ठी असते. वर खाडीचं नाव, खाली वेळ. एकदा मी बाराची वेळ लिहून दीडला आलो, मासा लागला होता म्हणून. दारात चपला घालून, हातात फोन धरून बायको उभी होती, १५५४ लावलेला, फक्त बटण दाबायचं बाकी. जिताडा त्या दिवशी मीच साफ केला, कालवणही मीच केलं. तेव्हापासून चिठ्ठीवर खरी वेळ लिहितो.